इनामाच्या यादीत नसलेली माणसे

यात्रेचे दिवस जवळ आले, की जळकोट, नळदुर्ग, अणदूर, मुरूम या पट्ट्यात चहाच्या हॉटेलांच्या भिंतींवर जंगी कुस्त्यांची पत्रके चिकटू लागतात. पत्रकाची मांडणी वर्षानुवर्षे ठरलेली. माथ्यावर ग्रामदैवताचे नाव, त्याखाली पहिल्या नंबरच्या कुस्तीचे इनाम आणि ते देणाऱ्याचे नाव, मग दुसऱ्या नंबरचे, तिसऱ्याचे. असे उतरत उतरत शेवटी नारळावरच्या आणि रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या. कडेने पाहुण्यांचे फोटो. तळाशी बारीक टाइपात 'पंचांचा निर्णय अंतिम राहील'. आणि तिच्याच खाली, कुस्तीच्या पत्रकावर कधी कधी आणि टेनिस बॉल क्रिकेटच्या पत्रकावर हमखास, आणखी एक ओळ : 'दुखापत झाल्यास संयोजक जबाबदार राहणार नाहीत.'

सगळ्या पत्रकात मला ही शेवटची ओळ सर्वांत वाचनीय वाटते. इनामाचे आकडे वाढतात, पाहुणे बदलतात, ही ओळ मात्र हटत नाही. ती लिहिणाऱ्याच्या मनात अर्थातच पैलवान किंवा फलंदाज असतो. पण मैदानावर खेळाडूखेरीज आणखी दहा-वीस माणसे कामाला असतात. खेळाडू खेळायला आलेला असतो, ही माणसे राबायला आलेली असतात. त्यांना काही झाले तर कोण जबाबदार, हा प्रश्न पत्रक छापणाऱ्याच्या मनात येत नाही आणि वाचणाऱ्याच्याही येत नाही.

कुस्तीचा फड उभा कसा राहतो, ते पाहावे. जागा शेतातली असेल तर आधी नांगरायची, कुळवायची, ढेकळे फोडायची. मग लाल माती आणून पसरायची, ती चाळायची, तीत तेल, ताक, हळद, लिंबू मिसळायचे. सर्वांत चिकट काम वेचण्याचे. खडा, काच, एखादा गंजका खिळा राहिला, तर उघड्या पाठीचा पैलवान त्यावरच पडायचा. म्हणून बोटांनी चाचपत चाचपत माती वेचावी लागते. वेचणाऱ्याची बोटे कापतात, नाकातोंडात धूळ जाते. त्याला कोणी हातमोजे दिलेले मी तरी पाहिलेले नाहीत. दुसरीकडे मांडववाला बांबूवर चढलेला असतो. संध्याकाळच्या कुस्त्यांसाठी दिवे लागतात, तेव्हा धूळ बसावी म्हणून मारलेल्या पाण्यातूनच केबल ओढलेली असते. वायरमनच्या पायात रबरी स्लिपर असली, म्हणजे सुरक्षिततेचा प्रश्न सुटला.

आणि हलगीवाला. हलगी नसेल तर कुस्ती अळणी. उन्हाळ्याच्या यात्रेत भर दुपारपासून दिवेलागणीनंतरपर्यंत तो वाजवत असतो. कातडे ढिले पडले की शेजारच्या जाळावर शेकायचे आणि पुन्हा सुरू. खांदा भरून येतो, कानाला दडा बसतो. पिढ्यान्‌पिढ्या हे काम बलुत्याच्या हिशेबात गेले, आणि बलुत्यात मोबदला असतो तो देणाऱ्याच्या मर्जीवर. बलुते गेले, मर्जी राहिली. कुस्ती रंगली की कोणी दहाची, कोणी पन्नासची, कोणी शंभराची नोट त्याच्या हातात ठेवतो. त्याला बक्षिसी म्हणतात.

हा 'बक्षिसी' शब्द नीट ओळखून घ्यावा. खेळाच्या जगात राबणाऱ्याला पगार कमी आणि बक्षिसी जास्त, ही रीत केवळ आमच्या यात्रेपुरती नाही. २०२३ साली कोलंबोत आशिया चषकाचा अंतिम सामना झाला. पावसाने साऱ्या स्पर्धेचा खेळखंडोबा केला होता आणि मैदानावरचे कामगार आच्छादने ओढून ओढून दमले होते. मोहम्मद सिराजने सामनावीराचे पाच हजार डॉलर त्या कामगारांना देऊन टाकले. मोठ्या मनाचा गडी. पुढच्या वर्षी आयपीएल संपल्यावर आपल्या क्रिकेट मंडळाने नेहमीच्या दहा मैदानांवरील कर्मचाऱ्यांसाठी प्रत्येक मैदानामागे २५ लाख रुपये जाहीर केले. तेही चांगलेच झाले. पण यातले काहीही हक्काचे नव्हते. बक्षिसी देणारा मोठा होतो, घेणारा हात जोडतो. रोलरखाली पाय सापडला, तर मात्र बक्षिसीची पावती घेऊन कोणाच्या दारात उभे राहायचे, हे कोणालाच सांगता येत नाही.

हे कोणाच्या तरी दारात उभे राहण्याचे प्रकरण आपल्याच मुंबईत घडले आहे. क्रिकेटच्या बातम्या चवीने वाचणाऱ्या घरांतही ते फारसे कोणाच्या ध्यानात नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

१९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने कारखान्यातल्या कामगाराला आजारपणात औषधपाणी, अपघातात भरपाई आणि मेल्यामागे कुटुंबाला आधार दिला. मालकाने वर्गणी भरायची, कामगाराने थोडी भरायची. पुढे हा कायदा दुकानांना, हॉटेलांना, सिनेमागृहांना लागू होत गेला. महाराष्ट्रात १८ सप्टेंबर १९७८ ची अधिसूचना त्यासाठी महत्त्वाची. आता प्रश्न असा आला, की भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे मुंबईत कार्यालय आहे, तिथे पगारी माणसे आहेत. मग मंडळ या अधिसूचनेतले 'दुकान' आहे की नाही?

मंडळाचे म्हणणे, आम्ही खेळाचे नियमन करतो, प्रसार करतो. आम्ही दुकान कसे? ऐकायला बरोबर वाटते. दुकान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तागडी येते. पण विमा न्यायालयाने हे मान्य केले नाही, मुंबई उच्च न्यायालयाने केले नाही आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केले नाही. तुम्ही तिकिटे विकता, पैसे घेऊन करमणूक पुरवता, दौऱ्यांतून आणि आयपीएलमधून उत्पन्न मिळवता. हा पद्धतशीर व्यापारी व्यवहार आहे, तेव्हा या कायद्यापुरते तुम्ही दुकानच, असे न्यायालयाने सांगितले. कामगारांच्या कल्याणाचा कायदा आहे, त्यातल्या शब्दांना आखूड अर्थ लावता येणार नाही, हेही सांगितले.

त्याआधी हीच लढाई घोड्यांच्या शर्यतींवरून झाली होती. २०१४ साली बंगळुरूच्या टर्फ क्लबच्या प्रकरणात शर्यतीचा क्लब या कायद्यापुरता दुकानच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. २०१६ साली पाळी आली मुंबई-पुण्याच्या शर्यती भरवणाऱ्या रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबची. तिथला मुद्दा माझ्या मते क्रिकेट मंडळापेक्षाही मोलाचा आहे. शर्यतीच्या दिवसापुरती जी माणसे कामाला बोलावली जातात, ती हंगामी माणसे कर्मचारी म्हणायची की नाही? न्यायालय म्हणाले, म्हणायची. एका दिवसापुरता आला असेल, तरी तो तुमच्या कामाला आला होता. वादातली वर्गणी होती सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासूनची आणि निकाल आला २०१६ मध्ये. तेव्हा तिशीत असलेला माणूस एव्हाना पासष्टीच्या पुढे गेला असणार.

बरे, वर्गणी तरी कितीशी? जुलै २०१९ पासून मालकाचा वाटा पगाराच्या सव्वातीन टक्के आणि कर्मचाऱ्याचा पाऊण टक्का. पंधरा हजार पगार असेल तर मालकाचे महिन्याला ४८७ रुपये ५० पैसे, कर्मचाऱ्याचे ११२ रुपये ५० पैसे. बेरीज सहाशे. जगातले सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळ एवढ्यासाठी दिल्लीपर्यंत भांडले, यातली गंमत माझ्यासारख्या बँकेत हयात घालवलेल्या माणसाच्या लवकर ध्यानात येते. भांडण पैशांचे नसतेच. आपण 'मालक' आहोत, हे कबूल करण्याचे असते.

खेळाच्या संघटनांची खरी अडचण इथे आहे. त्या स्वतःला सेवा करणारे मंडळ समजतात. गावची यात्रा कमिटी असो, तालुक्याचा क्रीडा संघ असो, शहरातली व्यायामशाळा असो. पदाधिकारी बिनपगारी, पदरमोड करणारे, रात्रीचा दिवस करणारे. त्यांना मालक म्हटले की ते दुखावतात. त्यांचे दुखावणे मी समजू शकतो. पण ज्या घटकेला तुम्ही मजुरी ठरवून एखाद्याला बांबूवर चढवता, त्या घटकेपुरते तुम्ही त्याचे मालक असता. मग तुमच्या खिशात त्या दिवशी चहापुरतेही पैसे नसोत.

बँकेत असताना अशा मंडळांची खाती मी पुष्कळ उघडली. ठराव आणा, नोंदणीचा दाखला आणा, अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष अशा तिघांच्या सह्या द्या. यात्रेच्या महिन्यात खाते भरून यायचे आणि पंधरा दिवसांत कोरडे व्हायचे. इनाम, मांडव, लाउडस्पीकर, फेटे, नारळ, पाहुण्यांचे जेवण, सगळ्याचा हिशेब चोख. विम्याच्या हप्त्याचा धनादेश मात्र या खात्यांतून गेलेला मला एकदाही दिसला नाही.

कायदा या कमिट्यांपर्यंत पोचत नाही, हेही खरे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता अमलात आल्या. १९२३ चा भरपाईचा कायदा आणि १९४८ चा विमा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेले. कामाच्या जागेची सुरक्षितता आणि आरोग्य यांची वेगळी संहिता झाली. तिचा सर्वसाधारण उंबरठा दहा कामगारांचा. यात्रा कमिटीकडे कायमचा म्हणावा असा एकही कामगार नसतो. म्हणजे कायद्याच्या चाळणीतून जळकोटचा हलगीवाला अलगद खाली पडतो.

पण एक तत्त्व शंभर वर्षांचे जुने आहे आणि ते समजायला वकील लागत नाही. १९२३ च्या कायद्याने सांगितले होते, की कामावर असताना, कामामुळे अपघात झाला तर भरपाई द्यायची. मालकाची चूक होती की नव्हती, हा प्रश्न दुय्यम. आणि त्याच कायद्यात असेही होते, की 'मला भरपाई नको' असे कामगाराने स्वतः सही करून दिले तरी ते कागद रद्दबातल. ज्या देशात कामगाराच्या सहीलाही ही किंमत नाही, तिथे पत्रकाच्या तळाशी आपणच छापलेल्या ओळीला कितीशी असणार?

आमच्या भागाला लेखी कराराचे वावडे आहे असे कोणी म्हणू नये. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत खंडोबाची देवळे दोन आणि मूर्ती एक. सव्वादहा महिने देव अणदुरात, पावणेदोन महिने नळदुर्गात. देव एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना दोन्ही गावच्या मानकऱ्यांत रीतसर लेखी करार होतो. साक्षात खंडोबा ज्या मुलखात कागद केल्याशिवाय हलत नाही, त्या मुलखात मांडववाल्याबरोबर चार ओळींचा कागद करायला हरकत कसली? नाव, काम, मजुरी, आणि अपघात झाला तर खर्च कोणाचा, एवढेच तर लिहायचे.

विम्याचेही तसेच. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना २०१५ पासून आहे. बँकेत खाते असलेल्या, अठरा ते सत्तर वयाच्या कोणालाही वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचे अपघाती संरक्षण. वीस माणसांचे चारशे रुपये. पाहुण्यांच्या गळ्यातल्या हारांचा खर्च याहून जास्त असतो. यामुळे कमिटीची जबाबदारी संपते असे नाही, पण घरचा कर्ता गेलेल्या बाईच्या हातात काही तरी पडते. सरकारला हे दहीहंडीच्या बाबतीत सुचले. २०२२ साली दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर झाला, तेव्हा गोविंदाच्या मृत्यूनंतर वारसाला दहा लाख देण्याचेही जाहीर झाले. थरावरचा गोविंदा दिसतो, त्याला मते असतात, टीव्ही असतो. माती वेचणारा दिसत नाही.

दिसतो तो पंच, आणि त्याची गत वेगळीच. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत निकाल मान्य नसल्याने एका नामांकित मल्लाने पंचाला लाथ मारली. त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. पुढे चर्चा रंगली ती प्रामुख्याने पाठ टेकली होती की नव्हती याची. पंच हा त्या दिवशी कामावर असलेला माणूस होता आणि त्याला कामाच्या जागी मारहाण झाली, या बाजूने बोलणारे थोडे. एखाद्या बँकेत खातेदाराने कॅशियरला लाथ घातली असती, तर आधी नोटा बरोबर मोजल्या होत्या का, अशी चौकशी आपण केली असती का? यात्रेतल्या पंचाला तर संघटनेचेही पाठबळ नसते. निकाल दिला, की दोन गावांच्या मधोमध तो एकटा.

शाळेतला क्रीडाशिक्षक हा आणखी एक एकटा माणूस. तालुक्याच्या स्पर्धेला तीस-चाळीस मुले घेऊन निघतो. वाहन तोच ठरवतो, डबे तोच मोजतो, लंगडणाऱ्या पोराला तोच दवाखान्यात नेतो. सप्टेंबर २०२३ मध्ये रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यातल्या एका शाळेच्या मैदानावर भालाफेकीचा सराव चालू असताना भाला लागून एक शाळकरी मुलगा गेला. पुढच्या वर्षी जानेवारीत मुंबईच्या माटुंग्यात एकाच मैदानावर दोन सामने चालू होते. एका सामन्याच्या चेंडूने दुसऱ्या सामन्यातल्या क्षेत्ररक्षकाच्या डोक्याचा वेध घेतला आणि तो दगावला. जागा थोडी आणि खेळणारे फार, हे मुंबईच्या मैदानांचे जुने दुखणे. पण जागा थोडी असली, की एका वेळी काय चालेल आणि काय थांबेल हे कोणी तरी ठरवावे लागते. तो कोणी तरी कोण, हे आधी लिहून ठेवलेले नसते. म्हणून नंतर जो सर्वांत जवळ उभा असतो, तो दोषी ठरतो. तो बहुधा मास्तर असतो.

हे आपल्याकडेच होते असेही नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये सिडनीच्या मैदानावर फिलिप ह्यूजच्या मानेवर चेंडू लागला आणि दोन दिवसांनी तो गेला. पुढे रीतसर चौकशी झाली. कोणाला दोषी धरले गेले नाही, त्या जखमेतून तो वाचणे शक्य नव्हते, असा निष्कर्ष निघाला. पण चौकशीत हेही निघाले, की रुग्णवाहिकेला फोन जायलाच सहा मिनिटांहून अधिक वेळ गेला. डॉक्टरला मैदानात कसे बोलवायचे, हे मैदानावरच्या माणसांना नीट ठाऊक नव्हते. एवढ्या श्रीमंत देशातले जगप्रसिद्ध मैदान, आणि फोन कोणी करायचा हे ठरलेले नाही! दोष कोणाचा, एवढ्यावर न थांबता व्यवस्था कुठे तुटली हे शोधणारी ती चौकशी होती.

आपल्याकडे अशा वेळी काय होते, ते नागपूरने पाहिले आहे. २६ नोव्हेंबर १९९५, भारत आणि न्यूझीलंड यांचा एकदिवसीय सामना. मधल्या सुट्टीत प्रेक्षागृहाची भिंत कोसळली, माणसे मेली, अनेक जखमी झाली. सामना पुढे चालू राहिला. त्या दिवशीचे नेथन अ‍ॅस्टलचे शतक क्रिकेटच्या नोंदवहीत आहे. मेलेल्यांची नावे किती जणांना सांगता येतील? ४ जून २०२५ ला बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर विजयोत्सवाच्या चेंगराचेंगरीत अकरा माणसे गेली, तेव्हाही संयोजन कोणाचे, परवानगी कोणाची, बोलावले कोणी, याची टोलवाटोलवी आपण सर्वांनी वाचली.

शाहू महाराजांनी कोल्हापूरचे खासबाग मैदान बांधवले, ते १९१२ साली खुले झाले. युरोपच्या दौऱ्यात रोमचे जुने क्रीडागार पाहून त्यांना कल्पना सुचली, असे सांगतात. बशीसारखा उतार, मधोमध हौदा, जमिनीवर बसून हजारो माणसांना कुस्ती दिसेल अशी रचना. लाकडी मचाण नको, ट्रॉलीवर चढायला नको, कोणी कोणाच्या अंगावर कोसळायला नको. एका राजाने हे शंभर वर्षांपूर्वी मातीतच सोडवून ठेवले. आम्ही अजून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर माणसांची चवड रचून कुस्त्या पाहतो.

एवढे नियम लावले तर यात्राच बंद पडेल, असे कमिटीतली मंडळी म्हणतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, हिशेब घालतो. वीस माणसांचा विमा चारशे रुपये. माती वेचणाऱ्यांना हातमोजे, वायरमनला बूट, केबल ओल्या जमिनीवरून न नेता बांबूवरून नेणे, हलगीवाल्यांच्या दोन जोड्या करून तासातासाने पाळी बदलणे. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे, फोन केला की पैसे पडत नाहीत. फक्त फोन कोणी करायचा आणि गाडी आत यायला वाट कुठून मोकळी ठेवायची, एवढे आदल्या दिवशी ठरवायचे. जळकोटहून सोलापूर तासाभराच्या अंतरावर आहे. मानेला मार लागलेल्याला चौघांनी हातपाय धरून जीपमध्ये टाकले, तर तो तास त्याच्या जन्माचा होतो. याला लागणारा सगळा खर्च शेवटच्या नंबरच्या कुस्तीच्या इनामाएवढाही होत नाही.

जुने वस्ताद यातले बरेच काही न लिहिता पाळत. कुस्त्या सुरू होण्याआधी वस्ताद स्वतः हौद्यात उतरून अनवाणी एक फेरी मारी, मूठभर माती उचलून बोटांतून सोडी. जोड लावताना दोघांना शेजारी उभे करून नजरेने वजन जोखी. हलक्याला भारी माणूस देत नसे, मग देणगीदाराने कितीही आग्रह धरला तरी. पोर दमलेले दिसले की कुस्ती बरोबरीत सोडवी आणि लोकांच्या शिव्या खाई. आता जोड ठरतात फोनवर, इनामाच्या आकड्यावरून, आणि ठरवणारा कुस्तीच्या दिवशी व्यासपीठावर पाहुण्यांशेजारी बसलेला असतो.